एकच इंजिन, पाच किमती

सप्टेंबर २०२१ मधली गोष्ट. रॉयल एनफिल्डची नवी क्लासिक ३५० बाजारात आली त्या आठवड्यात माझा भाचा घरी आला. चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला लागून त्याला नुकतं वर्ष झालं होतं. पहिल्या पगारात त्याने अम्मीला साडी घेतली होती, अब्बांना घड्याळ. आता स्वतःची पाळी होती.

"खाला, बुलेट घ्यायची," तो म्हणाला आणि शोरूममधून आणलेला भावाचा कागद माझ्यासमोर ठेवला.

घरातली भिशी मी सांभाळते, म्हणून हिशेबाचा कोणताही कागद आधी माझ्याकडे येतो. त्यावर पाच नावं होती. रेडिच १,८४,३७४ रुपये. हॅल्सियन १,९३,१२३. सिग्नल्स २,०४,३६७. डार्क २,११,४६५. क्रोम २,१५,११८. पाचही गाड्यांचं इंजिन एकच, ३४९ सीसीचं. ताकद तीच, टाकी तीच, सांगाडाही तोच. तरीही पहिल्या आणि शेवटच्या नावात ३०,७४४ रुपयांचा फरक.

"तुला यातली कोणती हवी?"

"क्रोमवाली. चमकते ना."

मी विचारलं, "चमक सोडून तिच्यात जास्त काय आहे?" पोरगा गप्प झाला. खरं सांगायचं तर उत्तर मलाही माहीत नव्हतं. त्या दिवसापासून मी या जुन्या रूपाच्या नव्या गाड्यांचे भाव वाचायला शिकले. आज आपल्या अनेक घरांत हाच कागद टेबलावर येतो, म्हणून हे लिहिते आहे.

जुन्या रूपाची ओढ कुठून आली?

आपल्या आधीच्या पिढीने ही रूपं रस्त्यावर रोज पाहिली आहेत. रॉयल एनफिल्ड मूळची इंग्लंडमधल्या रेडिच गावची. पहिल्या किमतीपुढचं 'रेडिच' हे नाव तिथूनच आलं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला भारत सरकारने सैन्यासाठी ८०० बुलेट मागवल्या आणि १९५५ मध्ये मद्रासला त्यांची जुळणी सुरू झाली. इंग्लंडमधला कारखाना पुढे बंद पडला, पण मद्रासची बुलेट चालत राहिली. १९९४ मध्ये ही कंपनी आयशरच्या हाती आली. तिकडे म्हैसूरमध्ये १९६० च्या दशकापासून जावा आणि नंतर येझदी बनत होत्या. तो कारखाना १९९६ मध्ये बंद झाला.

म्हणजे ज्या गाड्यांवर कुणाचे अब्बा शाळेत शिकवायला गेले, कुणाचे चाचा बाजारात कापडाचे गठ्ठे घेऊन गेले, त्या हळूहळू रस्त्यावरून कमी झाल्या. आणि मग त्यांचीच गोल टाकी, गोल दिवा, लांब मडगार्ड घेऊन नव्या गाड्या आल्या. २००९ मध्ये एनफिल्डची क्लासिक आली. २०१८ मध्ये जावा परतली, २०२० मध्ये होंडाने हायनेस सीबी ३५० आणली, २०२२ मध्ये येझदी परतली. २०२३ मध्ये ट्रायम्फची स्पीड ४०० आली. ती तर आपल्याच महाराष्ट्रात, चाकणला, बजाजच्या कारखान्यात बनते.

या गाड्यांमध्ये कंपनी दोन वस्तू एकत्र विकते, वाहन आणि आठवण. वाहनाचा भाव काढता येतो. आठवणीचा भाव काढता येत नाही, आणि नेमका तिथेच कागदावरचा आकडा वाढतो.

भावाची शिडी कशी वाचावी?

एकाच गाडीचे चार-पाच प्रकार असतात तेव्हा त्यांच्या किमती शिडीसारख्या असतात. प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारायचा. इथे मी जास्तीचे पैसे कशासाठी देतो आहे? ब्रेकसाठी, चाकासाठी की रंगासाठी?

हंटर ३५० चं उदाहरण सर्वांत स्वच्छ आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये ती आली तेव्हा तिच्या तीन किमती होत्या. रेट्रो फॅक्टरी १,४९,९००, मेट्रो डॅपर १,६३,९०० आणि मेट्रो रेबेल १,६८,९००.

पहिल्या पायरीवर चौदा हजार जास्त द्यायचे. त्यात मागे ड्रमऐवजी डिस्क ब्रेक मिळत होता, तारांच्या चाकांऐवजी अलॉय चाकं आणि त्यावर ट्यूबलेस टायर. शिवाय एबीएस दोन्ही चाकांना. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जागीच अडकून गाडी घसरू नये यासाठीची यंत्रणा. १२५ सीसीपेक्षा मोठ्या गाड्यांना ती सक्तीची झाली, पण स्वस्त प्रकारात कंपन्या ती फक्त पुढच्या चाकाला देत. पावसात, वाळू सांडलेल्या वळणावर, मागे कुणी बसलेलं असताना हा फरक जिवाचा असतो.

दुसऱ्या पायरीवर आणखी पाच हजार. त्यात काय मिळत होतं? रंग. डॅपर आणि रेबेल यंत्राने सारख्याच.

आता भाच्याच्या कागदाकडे परत येऊ. सर्वांत स्वस्त रेडिचला एबीएस फक्त पुढे होता आणि मागे ड्रम ब्रेक होता. सिग्नल्सपासून वर मागे डिस्क आणि दोन्ही चाकांना एबीएस. डार्कला त्याशिवाय अलॉय चाकं आणि ट्यूबलेस टायर. आणि सर्वांत महाग क्रोम? तिला पुन्हा तारांचीच चाकं. म्हणजे रात्री हायवेवर पंक्चर झालं तर २,११,४६५ ची डार्क घेणारा ट्यूब न काढता पंक्चर काढून पुढे गेला असता आणि तिच्यापेक्षा महाग क्रोम घेणारा चाक खोलून बसला असता. सर्वांत महाग तीच सर्वांत चांगली, हा आपला समज इथे उलटा पडतो.

तारांची चाकं वाईट नसतात. खड्ड्यात वाकलं तर ते चाक ताणून सरळ करता येतं, अलॉयला तडा गेला तर बहुधा बदलावंच लागतं. गावचा रस्ता कच्चा आणि पंक्चरवाला शेजारी असेल तर तारांचं चाक सोयीचं. रोज हायवे असेल तर ट्यूबलेस बरा. प्रश्न असा की आपण आपला रस्ता पाहून निवडतो की चमक पाहून.

"फक्त थोड्याच गाड्या आहेत"

शोरूममध्ये सर्वांत जास्त घाई लावणारं वाक्य हेच. कधी ते खरं असतं. १५ नोव्हेंबर २०१८ ला जावा परतली. साध्या जावाची किंमत १.६४ लाख, जावा फोर्टी टूची १.५५ लाख. मागणी इतकी झाली की २५ डिसेंबरला ऑनलाइन बुकिंग थांबवावं लागलं, कारण पुढच्या सप्टेंबरपर्यंत बनणाऱ्या गाड्या आधीच नोंदल्या गेल्या होत्या. त्यातच मागच्या चाकालाही एबीएस देणारा प्रकार सुमारे नऊ हजार जास्त किमतीत जाहीर झाला. पहिल्या दिवशी धावलेल्यांना आपली निवड पुन्हा तपासावी लागली.

त्याच वर्षी एनफिल्डने क्लासिक ५०० पेगासस नावाची मर्यादित आवृत्ती काढली. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेल्या छोट्या मोटारसायकलीची ती आठवण. जगभर मिळून एक हजार गाड्या, त्यातल्या २५० भारतासाठी. रस्त्यावर येईपर्यंत किंमत सुमारे अडीच लाख. जुलै २०१८ मध्ये या २५० गाड्या १७८ सेकंदांत विकल्या गेल्या. आणि महिना-सव्वा महिन्यातच कंपनीने क्लासिक ३५० सिग्नल्स आणली. इंजिन लहान, पण तोच लष्करी थाट, टाकीवर तसाच छापील क्रमांक, वर दोन्ही चाकांना एबीएस, जो पेगाससला नव्हता. किंमत १.६२ लाख. पेगाससच्या अनेक मालकांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. आपण दुर्मीळ वस्तू घेतली असं त्यांना वाटलं होतं आणि तसंच रूप महिन्याभरात कमी पैशांत दुकानात उभं होतं.

यातून मी एक गोष्ट शिकले. जुनी दिसण्यासाठीच बनवलेली गाडी वर्षभर थांबल्याने आणखी जुनी होत नाही. तिचं रूप पुढच्या वर्षीही तेच राहणार. थांबणाऱ्याचं नुकसान फार तर काही हजारांच्या भाववाढीचं. घाई करणाऱ्याचं नुकसान वर्षानुवर्षं दारात उभं राहतं.

उपलब्धतेची दुसरी बाजू म्हणजे गाव. होंडाच्या सीबी ३५० गाड्या कंपनीच्या नेहमीच्या दुकानांतून मिळत नाहीत, त्यासाठी बिगविंग नावाची वेगळी शोरूम आहेत. तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्याने गाडी पाहण्याआधी सर्व्हिसिंग कुठे होणार हे विचारावं. पुण्यात घेतलेली गाडी प्रत्येक सर्व्हिसिंगला पुण्यालाच न्यावी लागत असेल, तर तो खर्चही किमतीतच धरायचा.

३५० चा आकडा

या गाड्या ३४८, ३४९ सीसीच्याच का असतात, असं भाच्याने मला विचारलं होतं. त्याचं उत्तर करात आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. त्याहून मोठ्या गाड्यांवर आधी २८ टक्के आणि ३ टक्के उपकर होता, तिथे ४० टक्के झाला.

हिशेब करून पाहा. आधी दोन लाखांना मिळणारी ३४९ सीसीची गाडी या बदलाने सुमारे साडेपंधरा हजारांनी स्वस्त होते. २.३३ लाखांची ३९८ सीसीची गाडी, कंपनीने भार स्वतःवर घेतला नाही तर, सुमारे सोळा हजारांनी महाग होते. कर कमी झाला तेव्हा एनफिल्डने ३५० च्या गाड्या २२ हजारांपर्यंत उतरवल्या. हंटर १.३८ लाखांच्या आसपास सुरू झाली, बुलेट १.६२ लाखांच्या आणि क्लासिक १.८१ लाखांच्या. या एक्स-शोरूम किमती. भाव पुन्हा बदलतात, म्हणून घेण्याच्या दिवशी ताजा कागद मागावा.

विम्यातही हीच रेषा आहे. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०१८ पासून सक्तीचा आहे. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीसाठी तो ७,३६५ रुपये आहे आणि ३५० च्या वर १५,११७. दोन्हींवर कर वेगळा. पन्नास सीसी जास्त, पण विमा दुपटीहून अधिक.

त्यावर आपल्या राज्याचा रोड टॅक्स. महाराष्ट्रात २९९ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकीला तो किमतीच्या १२ टक्के लागतो. म्हणून रंगासाठी दिलेले जास्तीचे पैसे तेवढ्यावरच थांबत नाहीत. रेडिच आणि क्रोममधला ३०,७४४ चा फरक कर धरला की साडेचौतीस हजारांच्या जवळ जातो. चमकेवरही सरकारला कर द्यावा लागतो.

मागच्या सीटवर कोण बसणार?

गाडी पोरगा निवडतो, पण ती सगळं घर वापरतं. अम्मीला दवाखान्यात न्यायचं, बहिणीला कॉलेजला सोडायचं, बाजारातून तांदळाचं पोतं आणायचं. म्हणून निवडीच्या वेळी घरातल्या बायकांनाही शोरूममध्ये न्यावं आणि मागच्या सीटवर बसवून पाहावं.

जावाची पेराक ही एकच सीट असलेली गाडी. साधी जावा १.६४ लाखांची, तर पेराक विक्रीला आली तेव्हा १.९५ लाखांच्या जवळ. तिचं इंजिन मोठं आहे हे खरं, पण मागे बसायला जागाच नाही. एनफिल्डची गोअन क्लासिक नोव्हेंबर २०२४ मध्ये २.३५ लाखांना आली, तेव्हा साधी क्लासिक १.९९ लाखांपासून मिळत होती. इंजिन दोन्हींचं सारखंच. फरक उंच हँडल, पांढऱ्या कडेचे टायर आणि एकट्याने बसायच्या थाटाचा. मागची सीट लावता येते, पण गाडीचं सगळं रूप एकट्या माणसाचं आहे. एकट्याच्या हौसेला ती छान. चार माणसांच्या घरात ती एकमेव गाडी असेल तर दोनदा विचार करावा.

वजनही पाहावं. क्लासिक १९५ किलोची, हंटर १८१ किलोची. चौदा किलोंचा हा फरक चालताना कळत नाही, अरुंद गल्लीत गाडी मागे ढकलताना कळतो. क्लासिकची सीट ८०५ मिलिमीटर उंच, हंटरची ७९०, जावाची ७६५. ज्याचे पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, त्याला गर्दीत जड गाडी सांभाळता येत नाही.

पैसे कुठून येणार?

आपल्यातली बरीच घरं व्याजाचं कर्ज टाळतात. त्यांच्यासाठी गाडीचा प्रकार निवडणं म्हणजे किती महिने बचत करायची हे ठरवणं. भाच्याच्या भिशीचा हप्ता महिना तीन हजार होता. रेडिच आणि क्रोममधला फरक म्हणजे त्या भिशीचे साडेअकरा महिने. मी त्याला तसंच सांगितलं. "बेटा, रंगासाठी साडेअकरा महिने देशील का?" रुपयांत सांगितलेलं पोरांना लागत नाही, महिन्यांत सांगितलं की लागतं.

ज्यांना हप्त्याने घ्यावीच लागते, त्यांनी महिन्याच्या हप्त्याचा आकडा पाहून भुलू नये. शेवटी एकूण किती भरणार, हे लिहून घ्यावं आणि रोख किमतीशेजारी ठेवून पाहावं.

आणि हा भावाचा कागद आणखी एक माणूस वाचतो. मुलीचा बाप. "आम्हाला काही नको, पोराला फक्त बुलेट द्या," हे वाक्य आपल्या लग्नांतही ऐकू येतं. कधी तर रंगही सांगितला जातो. मागणाऱ्याला तो एक शब्द वाटतो, देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दोन-सव्वादोन लाखांचा आकडा उभा राहतो. हुंडा मागणं १९६१ पासून कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याच्या आधी साधी लाज आहे. हौस आपली असेल तर किंमतही आपणच द्यावी.

शोरूममध्ये विचारायचे प्रश्न

ऑन-रोड किमतीचा कागद ओळीनिहाय लिहून मागा. प्रत्येक ओळ सरकारची, विमा कंपनीची की दुकानाची, हे विचारा. हाताळणी शुल्क, टेफ्लॉनचा लेप, सजावटीचं सामान या दुकानाच्या ओळी आहेत. त्यांना नाही म्हणता येतं.

विमा दुकानातूनच घेण्याची सक्ती नसते. बाहेरचा भाव काढून तुलना करा. तुमच्याकडे पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आधीच असेल तर तो पुन्हा घ्यावा लागत नाही.

जो प्रकार दाखवतात त्याच्या खालच्या आणि वरच्या प्रकाराची यादी मागा आणि तिघांचे ब्रेक, चाकं, एबीएस शेजारी शेजारी लिहा. जिथे फरक फक्त रंगाचा उरतो, तिथे थांबा.

बुकिंगची रक्कम परत मिळते का आणि गाडी यायच्या आधी भाव वाढला तर कोणता भाव लागेल, हे पावतीवर लिहून घ्या. नवा मोठ्या आवाजाचा सायलेन्सर कुणी आग्रहाने विकत असेल तर घेऊ नका. तो बसवणं नियमात बसत नाही, पोलीस पकडतात, आणि शेजारच्या घरात तान्हं मूल झोपलेलं असतं.

पुढे काय झालं

भाच्याने त्या सप्टेंबरात गाडी घेतली नाही. तोंड पाडून चाकणला गेला. भिशी चालू ठेवली. वर्षभराने पैसे जमले तोवर हंटर बाजारात आली होती. मधला प्रकार, मेट्रो डॅपर, १,६३,९०० रुपये. दोन्ही चाकांना डिस्क आणि एबीएस, ट्यूबलेस टायर. एक्स-शोरूम किमतीतच क्रोमपेक्षा एक्कावन्न हजार रुपये वाचले. त्यातून धाकट्या बहिणीची डी. फार्मसीची फी भरली गेली. ती आता दुसऱ्यांच्या दुकानात औषधं देते आणि स्वतःच्या दुकानाची स्वप्नं पाहते.

गाडी घरी आली तेव्हा माझी बहीण मागे बसून गल्लीत एक फेरी मारून आली. उतरताना म्हणाली, "सीट जरा लहान आहे, पण पोरगा हळू चालवतो." दुल्हेभाईंनी टाकीवर हात फिरवला आणि त्यांच्या तरुणपणी शेजारी उभ्या असलेल्या येझदीची गोष्ट सांगितली. आम्ही ती शंभरदा ऐकली आहे. तरी पुन्हा ऐकली.

हौसेला मोल नसतं असं म्हणतात. असतं. ते नीट वाचता आलं, की हौसही भागते आणि घरही.